हात पुढे येतो तेव्हा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

भीक द्यावी की देऊ नये, या विषयावर आलेल्या पत्रांतून हे प्रश्न निवडले आहेत. एकच शंका अनेकांनी विचारली होती, तिथे पत्रं एकत्र केली. कायदे आणि योजना महाराष्ट्रातल्या वाचकांना लागू होतील अशाच सांगितल्या आहेत.

रोज ऑफिसला जाताना एकाच सिग्नलला थांबतो. कधी दहा रुपये देतो, कधी काच वर करतो. दिले तर भीक मागण्याला खतपाणी घातल्यासारखं वाटतं, नाही दिले तर दिवसभर चुटपुट लागते. एकदाच काय तो नियम सांगा.
(नोकरदार वाचक, पुणे)

नियम समोर कोण आहे त्यावर बदलतो. मूल असेल तर पैसे देऊ नका, फोन करा. माणूस आजारी असेल किंवा त्याला कसलं भान नसेल, तर पैशांनी त्याचं काही होत नाही. तिथे दवाखाना आणि पोलीस यांना कामाला लावावं लागतं. या दोन्हींबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे. धडधाकट असो वा अधू, स्वतःचं बरंवाईट कळणारा मोठा माणूस असेल, तर द्यायला काही हरकत नाही. आमच्या मते जमत असेल तेव्हा द्यावेतच.

खतपाण्याचं म्हणाल, तर तुमच्या दहा रुपयांच्या आशेने कोणी काम सोडून मे महिन्याच्या उन्हात दुभाजकावर येऊन बसत नाही. अपघात, लांबलेलं आजारपण, दुष्काळात सुटलेलं गाव, मुलांनी घराबाहेर काढणं, कर्ज, यांतलं काहीतरी आधी घडून गेलेलं असतं. तुम्ही पैसे दिलेत की नाही, यावर त्या माणसाची फक्त आजची संध्याकाळ ठरते.

‘दारूत घालवतील’ ही शंका जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे. काहीजण घालवतातही. पण रोज पिणाऱ्या माणसाची दारू अचानक बंद झाली, तर पहिल्या एकदोन दिवसांतच हातपाय थरथरतात, झटके येऊ शकतात, भ्रम होतो, आणि यात जीवही जातो. म्हणून दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवावी लागते. तुम्ही दहा रुपये नाकारल्याने व्यसन सुटत नाही, तो दुसऱ्या गाडीकडे जातो इतकंच. ओळखीचा झालेला कोणी ‘सोडायचीय’ म्हणाला, तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा मोफत क्रमांक आहे. फोन त्याच्या देखत, तुमच्या मोबाईलवरून लावून द्या. नुसता आकडा सांगून काही होत नाही, कारण त्याच्याकडे फोन नसतो.

व्यवहाराच्या गोष्टी. महिन्याची रक्कम ठरवून टाका. समजा एक हजार ठरवले, तर तीनशेची दहा-दहाची नाणी किंवा नोटा वरच्या खिशात ठेवा आणि सातशे निवारा चालवणाऱ्या किंवा रस्त्यावरच्या मुलांना शिकवणाऱ्या एखाद्या संस्थेला पाठवा. खिशातले संपले की त्या महिन्यापुरते संपले. यामुळे रोज नव्याने मनाशी वाद घालावा लागत नाही. सिग्नलला पाकीट उघडू नका. सिग्नल सुटायला पंधरा सेकंदांहून कमी उरले असतील तर हाक मारू नका, कारण गाड्यांमधून धावत येणारा माणूस मागच्या दुचाकीस्वाराला दिसत नाही. नाणं खिडकीतून टाकू नका, हातात द्या.

आणि द्यायचे नसतील तर तसं सांगा. मोबाईलमध्ये डोकं खुपसलं की समोरचा काचेवर टकटक करत उभा राहतो, कारण त्याला उत्तरच मिळालेलं नसतं. डोळ्यांत बघून ‘आज नाहीत हो, मावशी’ म्हटलं की बहुतेकजण लगेच पुढे सरकतात. ‘काम का करत नाहीस?’ हा प्रश्न मात्र विचारू नये. तुमच्याकडे द्यायला काम नसेल, तर तो टोमणाच होतो.

पैशांऐवजी जेवण दिलेलं बरं ना? निदान पोटात तरी जातं.
(गृहिणी, सांगली)

कधी बरं, कधी नाही. मंदिराबाहेर शनिवारी आणि अमावास्येला दुपारपर्यंत एकेकाकडे आठ-दहा जणांनी दिलेली पोळीभाजी साठते आणि मंगळवारी तोच माणूस उपाशी असतो. उन्हात शिजलेलं अन्न तीन-चार तासांत आंबतं. भात आणि ओल्या खोबऱ्याचे पदार्थ सगळ्यांत आधी. फेकून दिलेलं अन्न दिसलं की ‘माज आहे’ म्हणतात, पण ते बहुतेकदा आंबलेलं असतं.

द्यायचंच तर आधी विचारा, ‘जेवलात का? काय चालेल?’ दात नसलेल्या म्हातारीला कडक बिस्किटं आणि चिवडा उपयोगाचे नाहीत. तिला केळं, मऊ भात, दूध चालतं. मधुमेह असलेले कितीतरी वृद्ध रस्त्यावर आहेत आणि त्यांच्या हातावर दिवसभर पेढे, लाडू, गोड शिरा पडत असतो. केळी, फुटाणे, भाजलेले शेंगदाणे आणि बंद बाटलीतलं पाणी टिकतं. उन्हाळ्यात जलसंजीवनीची पाकिटं द्या, पण ‘एक लिटर पाण्यात एक पाकीट’ हे सांगून आणि लिटरच्या बाटलीसकट. ग्लासभर पाण्यात अख्खं पाकीट घातलं तर मीठ जास्त होऊन त्रास वाढतो. बायकांना सॅनिटरी पॅड आणि अंतर्वस्त्रं लागतात, ती कोणीच देत नाही.

पैशांचा एक मोठा गुण अन्नात नाही. बसचं तिकीट, गोळ्या, सुलभ शौचालयाचे पैसे, रात्री सामान सांभाळणाऱ्याला द्यायचे पाच-दहा रुपये, हे कशाने भागवणार?

सिग्नलवर पेन, फुगे विकणारी आणि भीक मागणारी मुलं असतात. त्यांना नाही म्हणणं सगळ्यांत जड जातं. ‘पैसे देऊ नका’ असं सगळे सांगतात, पण मग करायचं काय?
(शिक्षिका, नाशिक, आणि इतर पाच पत्रं)

जड जातं हे अगदी खरं, आणि तेच या व्यवहाराचं इंधन आहे. लहान, मळकं, पायात चप्पल नसलेलं मूल मोठ्यांपेक्षा जास्त कमावतं. मुलाची कमाई घरच्या हिशेबात धरली जाऊ लागली की त्याला शाळेत पाठवणं म्हणजे घराचं रोजचं नुकसान ठरतं. पाठीमागे टोळी असो की स्वतःची आई, गणित तेच राहतं. पेन विकत घेतलं तरी तेच. ‘भीक नाही, कष्टाचे पैसे’ असं वाटून लोक मुद्दाम घेतात, पण मूल गाड्यांमध्ये उभं राहतंच.

फोन १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर करा. चोवीस तास चालतो, मोफत आहे. नुसतं ‘सिग्नलवर मुलं भीक मागतायत’ सांगून भागत नाही, कारण पथक येईपर्यंत ती दुसऱ्या चौकात गेलेली असतात. चौकाचं नाव आणि जवळची खूण, मुलं किती, अंदाजे वय, कपड्यांचा रंग, सोबत मोठं कोण आणि ते कुठे बसतं, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे मुलं रोज किती ते किती वाजेपर्यंत असतात, एवढं सांगा. तक्रारीचा क्रमांक मागून लिहून ठेवा आणि आठवड्याने त्याच क्रमांकावर पुन्हा विचारा. पाठपुरावा झाला की प्रकरण हलतं, हे लक्षात ठेवा. मूल जखमी असेल किंवा कोणी मारताना दिसलं, तर सरळ ११२.

पुढे काय होतं ते माहीत नसलं की लोक निराश होतात. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार भीक मागताना आढळलेलं मूल हे ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक’ असतं, गुन्हेगार नव्हे. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. ते घरची चौकशी करायला लावतात, आणि आईवडील खरे असल्याचं दिसलं की मूल बहुतेकदा त्यांच्याकडेच परत जातं. दोन आठवड्यांनी तेच मूल त्याच सिग्नलवर दिसतं आणि फोन करणारा म्हणतो, ‘काही उपयोग नाही.’ पण संस्थेत ठेवणं हा कायद्याने शेवटचाच पर्याय आहे, आणि तो तसाच असावा. आईपासून तोडून बालगृहात टाकलेलं मूल सुखी होतं असं समजू नका. खरी अडचण पुढची असते. घरच्यांची कमाई बुडते, तिची भरपाई कोण करणार? मिशन वात्सल्य या सरकारी बालसंरक्षण योजनेतून अशा कुटुंबातल्या मुलासाठी महिना ४,००० रुपयांची मदत मिळू शकते, पण तिच्यासाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षात अर्ज लागतो आणि तो कुटुंबाकडून कोणीतरी भरून घ्यावा लागतो. हे काम एखाद्या शिक्षिकेला उत्तम जमेल.

शाळेचंही तसंच. शिक्षणहक्क कायदा, २००९ प्रमाणे ६ ते १४ वयाच्या मुलाला जन्माचा दाखला नाही म्हणून किंवा आधीच्या शाळेचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. त्याला वयाला साजेशा वर्गात बसवायचं आणि राहिलेलं वेगळं शिकवायचं, असं कायदा सांगतो. बाराव्या वर्षी पहिलीत बसवलं तर मूल चार दिवसांत पळतं. ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ पासून ‘सिग्नल शाळा’ भरते. मुलं जिथे आहेत तिथेच शाळा नेली, की अंघोळ, जेवण आणि अभ्यास एका जागी होतो.

पाठीमागची माणसं पैशांसाठी मुलांवर जबरदस्ती करत असतील, तर कायदा कडक आहे. मुलाला भिकेला लावणाऱ्याला बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपये दंड आहे. त्यासाठी मुलाला अपंग केलं असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १३९ खाली किमान वीस वर्षं.

मुलाला ‘नाही’ म्हणून वर चार शब्द बोलायला मात्र पैसे लागत नाहीत. नाव विचारा.

एक बाई झोपलेलं तान्हं बाळ घेऊन दुधाच्या डब्याचे पैसे मागते. बाळ तिचं वाटत नाही. पळवून आणलेलं असेल तर?
(वाचक, कल्याण)

शंका घ्या, पण गर्दी जमवू नका. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाचजण भिक्षा मागायला आले होते. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सॲपवरच्या अफवेमुळे जमावाने त्यांना ठेचून मारलं. कोणीही मुलं पळवलेली नव्हती. उन्हात राहणाऱ्या आईचा रंग आणि बाळाचा रंग जुळत नाही, यावरून काहीही ठरत नाही. बाईचा फोटो काढून गटावर टाकू नका, बाळ हातातून ओढू नका, ‘आधार दाखव’ म्हणून दरडावू नका. थोडं लांब उभं राहून १०९८ ला सांगा. चौकशीचं काम त्यांचं.

बाळाकडे मात्र नीट बघा. मोठा हॉर्न वाजूनही हालचाल नाही, ओठ कोरडे, टाळू खोल गेलेली, रडताना डोळ्यांत पाणी नाही, श्वास भरभर चालला आहे, असं काहीही दिसलं तर ते बाळ कोणाचं, हा प्रश्न नंतरचा. १०८ ला फोन करा.

डबा घेऊन देऊ नका. न फोडलेला डबा थोड्या कमी पैशांत दुकानात परत जातो, ही चाल जुनी आहे. पण खरोखरच्या गरजू आईच्या हातीही तो घातक ठरतो. पावडर महाग म्हणून ती पुरवून पुरवून, पाणी जास्त घालून पाजली जाते. उकळलेलं पाणी रस्त्यावर कुठून आणणार, बाटली कशात धुणार? जुलाब लागून बाळ जातं. आई अंगावर पाजत असेल तर आईलाच पोटभर जेवण आणि पाणी द्या. बाळापर्यंत पोचण्याचा तो सर्वांत सुरक्षित रस्ता आहे.

भीक देणं गुन्हा आहे का? आणि दारावर येणारा वासुदेवही भिकारी धरायचा का?
(निवृत्त लिपिक, सातारा)

महाराष्ट्रात देणं गुन्हा नाही. इंदूरमध्ये जिल्हा प्रशासनाने १ जानेवारी २०२५ पासून देणाऱ्यावरही गुन्हा नोंदवण्याचा आदेश काढला, त्यावरून ही शंका आली असावी.

मागणं मात्र आपल्याकडे १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात आणि पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं. त्यातली व्याख्या वाचली की धक्का बसतो. गाणं, नाचणं, भविष्य सांगणं किंवा काही विकण्याच्या निमित्ताने पैसे मागणं हेही त्यात येतं. म्हणजे वासुदेव, पिंगळा, पोतराज, नंदीबैलवाले, सगळेच. दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी हाच कायदा, जो दिल्लीलाही लागू होता, त्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली. तो निकाल दिल्लीपुरता आहे. आमच्या मते गरिबीबद्दल माणसाला कोंडणं चूक आहे आणि महाराष्ट्रानेही हा कायदा बाजूला ठेवावा.

वासुदेवाला जे देता ते त्याच्या गाण्याचं देणं आहे. पूर्वी सुपातून धान्य घालत, आता घाला दहा-वीस रुपये, आणि गाणं पूर्ण ऐकून घ्या.

बसस्थानकावर जटा वाढलेला, अंगावर कपडे नसलेला एकजण कित्येक दिवस आहे. तो मागत नाही, स्वतःशीच बोलतो. लोक वडापाव ठेवून जातात.
(वाचक, जळगाव)

वडापाव ठेवणाऱ्यांनी त्याला जगवलं आहे, पण त्याला उपचार हवेत आणि कायद्याने ते मिळायला हवेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १०० नुसार, मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारा माणूस हद्दीत भटकताना दिसला तर त्याला संरक्षणात घेणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही. २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावं लागतं. बेघर असेल तर हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून त्याचं घर शोधणं हीदेखील ठाणे अंमलदाराची जबाबदारी.

प्रत्यक्षात पोलीस ठाण्यात ‘आमचं काम नाही, संस्थेला बोलवा’ असं ऐकू येतं. म्हणून तोंडी जाऊ नका. एका कागदावर ठिकाण, किती दिवसांपासून आहे, वर्णन, जखमा आणि ‘कलम १०० नुसार कार्यवाही व्हावी’ एवढं लिहून दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या. अर्जात कलमाचा आकडा असला की बोलणं बदलतं. सल्ल्यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

तोवर तुम्ही त्याची भाषा ऐका. बडबडीत गावाचं, नदीचं, भावाचं नाव येतं, बोलीवरून राज्य कळतं. हे शब्द जसे कानावर पडतील तसे लिहून ठेवा. घर शोधणाऱ्यांना त्यांचाच धागा लागतो. रस्त्यावरच्या मनोरुग्णांना उपचार करून घरी पोचवण्याच्या याच कामासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांचं श्रद्धा पुनर्वसन केंद्र कर्जतला आहे. बरे झालेले रुग्ण परराज्यातल्या खेड्यांत, वर्षानुवर्षं वाट बघणाऱ्या घरी परत गेले आहेत.

पाच-सहा जणांनी धरून अंघोळ घालणं, केस कापणं आणि त्याचा व्हिडिओ करणं, हे करू नका. भेदरलेला माणूस तिथून पळतो आणि मग सापडत नाही.

मंदिराच्या पायरीशी एक आजी-आजोबा बसतात. आजोबांच्या पायाला पट्ट्या असतात, बोटं झडलेली. रोज दहा रुपये देतो. याहून काय करता येईल?
(वाचक, कोल्हापूर)

वर्णनावरून तो जुना कुष्ठरोग दिसतो. घाबरू नका, उपचार झालेल्या माणसापासून तो पसरत नाही. सरकारी दवाखान्यात सहा महिने किंवा वर्षभराची औषधं मोफत मिळतात, पण जंतू मेले तरी पायाची संवेदना परत येत नाही. खडा टोचला, निखारा लागला, तरी कळत नाही. चालून चालून जखम खोल जाते, हाडापर्यंत पोचते. पट्टी बदलून उपयोग नाही, पायाखालचा दाब कमी व्हायला हवा. त्यासाठी एमसीआर नावाच्या मऊ रबराची चप्पल असते, तीही आरोग्य विभागाकडून मोफत मिळते. मापाची घ्यावी लागते, म्हणून आजोबांना घेऊन जा. रोज वीस मिनिटं पाय साध्या पाण्यात भिजवायचे, घट्टे हलक्या हाताने घासायचे, ओलसर असतानाच खोबरेल लावायचं. प्लॅस्टिकची एक घमेली आणि तेलाची बाटली घेऊन दिलीत तर आजी हे रोज करतील.

दुसरी गोष्ट निवृत्तिवेतनाची. ६५ च्या आतल्या निराधारांना संजय गांधी निराधार योजना आणि ६५ वरच्यांना श्रावणबाळ योजना. दोन्हींत महिना १,५०० रुपये, दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून २,५००. अर्ज तहसील कार्यालयात. अडतं ते कागदांवर: वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, राज्यात १५ वर्षं राहत असल्याचा पुरावा, आधारशी जोडलेलं बँक खातं. कुष्ठरोग्यांच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, म्हणून आधार केंद्रावर त्यांना परत पाठवतात. अशांची नोंदणी डोळ्यांच्या बुबुळांवरून होते, ती करून द्या असं तिथे स्पष्ट सांगा. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असल्याचं सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र काढलंत, तर पुढच्या सवलतींनाही तेच लागतं. मंजुरीनंतर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहिला की पैसे थांबतात आणि आजी-आजोबांना कारणही कळत नाही. तारीख तुमच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवा.

राहण्याची सोय हवी असेल, तर महापालिकेच्या बेघर निवारा केंद्रात आधी एकटे जाऊन बघा. शहरात लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा निवारा असावा असा निकष आहे. बायका आणि पुरुष वेगळे ठेवत असतील, तर हे जोडपं तिथे जाणार नाही. पन्नास वर्षांचा संसार कोणी दारात मोडून आत शिरत नाही. जोडप्यांची सोय कुठल्या केंद्रात आहे, सामान आत नेऊ देतात का, मंदिरापासून चालत किती लांब आहे, हे विचारून मगच विषय काढा.

आणि हे सगळं होईपर्यंत दहा रुपये चालू ठेवा.